हरीण, घोडा आणि उलटे धनुष्य

बुऱ्हाणपूरच्या जामा मशिदीत अरबी लेखाच्या सोबतीला एक संस्कृत लेख कोरलेला आहे. फारुकी घराण्यातल्या आदिलशहाने, म्हणजे राजा अली खानाने, ही मशीद बांधवून घेतली आणि तिचा मुहूर्त चक्क पंचांगाच्या भाषेत दगडावर नोंदवला. विक्रम संवत १६४६, शके १५११, पौष शुद्ध दशमी, सोमवार, कृत्तिका नक्षत्र, कन्या लग्न, रात्रीच्या अकरा घटका उलटल्याची वेळ. जुन्या युरोपीय (ज्युलियन) गणनेने हा दिवस ५ जानेवारी १५९० असा येतो. घटका म्हणजे चोवीस मिनिटे. तेव्हा सूर्यास्तानंतर साडेचार तासांच्या आत-बाहेर, आजच्या घड्याळात सव्वादहा-साडेदहाचा सुमार.

एवढी नेमकी वेळ हाती असली की त्या रात्रीचे आकाश गणिताने पुन्हा मांडता येते. दशमीचा चंद्र कृत्तिकांना जवळजवळ चिकटून पश्चिमेकडे कलू लागला होता. मृग नक्षत्र दक्षिणोत्तर रेषेवर, म्हणजे दिवसभरातल्या आपल्या सर्वांत उंच जागी होते. मृगाच्या पोटात रुतलेल्या बाणाखाली जो धुरकट ठिपका असतो, तोही अर्थातच तिथे होता. पण चांदण्यात तो कोणाला दिसला नसणार, आणि दिसला असता तरी त्याचे काय करायचे हे जगात कोणालाच ठाऊक नव्हते. दुर्बीण अजून अठरा वर्षे दूर होती. हा ठिपका, म्हणजे मृगातला तेजोमेघ, दुर्बिणीतून पाहिल्याची पहिली नोंद निकोला-क्लोद फाब्री द पेरेस्क या फ्रेंच गृहस्थाने केली ती १६१० साली. ज्या तापीच्या काठी बुऱ्हाणपूर वसले, तिच्याच मुखाशी, सुरतेला, जेरेमाया शेकर्ली या इंग्रजाने १६५१ मध्ये दुर्बिणीतून बुधाचे सूर्यावरील संक्रमण पाहिले. भारतात दुर्बीण आकाशाकडे वळल्याच्या अगदी सुरुवातीच्या नोंदींपैकी ती एक.

पुढच्या पानांचा विषय तो धुरकट ठिपका आणि त्याच्यासारखे शेकडो ठिपके हा आहे. हौशी माणसाने साध्या साधनांनी तेजोमेघांचे फोटो कसे काढावेत, आणि फोटो समोर आल्यावर त्यात जे घोडे, पक्षी, जास्वंदी, राक्षस दिसू लागतात त्यांचे काय करावे, असे त्याचे दोन भाग आहेत. पहिल्या भागावर इंग्रजीत ढीगभर लिहिलेले सापडते. दुसरा भाग मात्र गमतीचा मानून सोडून दिला जातो. तो तितका गमतीचा नाही.

आधी डोळ्याचा दुबळेपणा मान्य करायला हवा. अंधारात बाहुली फार तर सात-आठ मिलिमीटर उघडते आणि डोळा प्रकाश साठवून ठेवत नाही. सेकंदाच्या लहानशा अंशात आलेला प्रकाश वापरून तो पुढच्या चित्राकडे वळतो. त्यातही मंद प्रकाशात काम करणाऱ्या डोळ्यातल्या पेशींना तांबडा रंग जवळपास दिसतच नाही, आणि तेजोमेघांचा मुख्य प्रकाश तर तप्त हायड्रोजनचा तांबडा, ६५६.३ नॅनोमीटर तरंगलांबीचा. म्हणून मोठ्या दुर्बिणीतूनही मृगातला तेजोमेघ राखाडी, फार तर हिरवट दिसतो आणि पहिल्यांदा पाहणारा हमखास हिरमुसतो. फोटोतला गुलाबी-जांभळा पसारा कुठे आहे, असे तो विचारतो. कॅमेऱ्याचे काम वेगळ्या चालीने होते. बुऱ्हाणपूरच्या वाचकाला ही चाल समजावून सांगायला कुंडी भंडारा पुरे. १६१५ च्या सुमारास, अब्दुर्रहीम खानखाना इथे सुभेदार असताना, तबकुतुल अर्ज नावाच्या इराणी जाणकाराने सातपुड्यातून तापीकडे झिरपणारे पाणी जमिनीखाली अडवले आणि शंभराहून अधिक कुंड्यांतून ते शहरापर्यंत आणले. थेंब कुठेच मोठा नव्हता, पण साठत गेला आणि शहर प्यायले. सेन्सरही तसाच झिरपणारा प्रकाश साठवतो.

(जाता जाता: याच रहीमच्या नावावर ‘खेटकौतुकम्’ हा संस्कृत आणि फारसीचे मिश्रण असलेला फलज्योतिषाचा ग्रंथ आहे. दोह्यांच्या रहीमला ग्रहांचेही वेड होते हे पुष्कळांना माहीत नसते.)

आता आकारांकडे. मृग नक्षत्र हे त्यासाठी सर्वांत सोयीचे, कारण तिथे एकाच जागी तीन संस्कृतींची तीन चित्रे एकावर एक चढलेली आहेत. ग्रीकांना तिथे शिकारी दिसला. आपल्याकडे तिथे शिकार दिसते: काक्षी आणि राजन्य हे ठळक तारे आणि उरलेल्या दोन कोपऱ्यांतले दोन तारे हे हरणाचे चार पाय, वरचा लहानसा त्रिकोण हे डोके, आणि मधले एका ओळीतले तीन तारे म्हणजे व्याधाने मारलेला त्रिकांड बाण. रोहिणीच्या मागे लागलेल्या प्रजापतीची ही कथा ऐतरेय ब्राह्मणाइतकी जुनी आहे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले मयंक वाहिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विदर्भातल्या गोंडांकडून आकाशाची माहिती गोळा केली तेव्हा याच ताऱ्यांत त्यांना नांगर दिसत असल्याचे पुढे आले. याच मंडळींनी कोरकूंच्या आकाशावरही स्वतंत्र काम केले आहे आणि कोरकूंची वस्ती मेळघाटापासून बुऱ्हाणपूर-खंडव्यापर्यंत आहे. शिकारी, शिकार, नांगर. तारे तेच. शिवाय बुऱ्हाणपुरात तापीपलीकडे जैनाबादेला मुघलांचा आहूखाना, म्हणजे हरणे राखण्याचा बाग, होता. १६३१ मध्ये मुमताज महल वारली तेव्हा तिचे पहिले दफन तिथेच झाले. थंडीत शाही किल्ल्याच्या नदीकडच्या बाजूने पाहिले तर आकाशातले हरीण रात्रीच्या पहिल्या प्रहरी त्याच तीरावर चढत जाते. हा निव्वळ योगायोग आहे, पण फोटोची चौकट ठरवताना असा योगायोग वाया घालवू नये.

चौथे चित्र कॅमेऱ्याने आणले. बाणाच्या तीन ताऱ्यांपैकी पूर्वेच्या ताऱ्याखाली तांबड्या उजेडाचा एक पट्टा आहे आणि त्या पट्ट्यात काळ्या धुळीचे एक डोके घुसलेले आहे. जगभर त्याला घोड्याचे डोके म्हणतात. हे डोके प्रथम सापडले १८८८ मध्ये, हार्वर्ड वेधशाळेत घेतलेल्या एका काचेवर, विल्यमिना फ्लेमिंग यांना. त्या वेधशाळेच्या संचालकांच्या घरी पूर्वी कामाला असलेल्या या बाई पुढे वेधशाळेतल्या अग्रगण्य तारा-वर्गीकरणकार झाल्या. पण त्यांच्या नोंदीत घोडा नाही. तिथे फक्त अर्धवर्तुळाकार खाच आहे, किती मोठी आणि कुठल्या ताऱ्यापासून किती अंतरावर, एवढेच. पुढे छापलेल्या सूचीत शोधाचे श्रेयही त्यांना मिळाले नाही. घोडा नंतरच्या लोकांनी, नंतरच्या चांगल्या फोटोंत पाहिला. या क्रमात एक शिस्त आहे जी हौशी माणसाने उचलण्यासारखी आहे: आधी खाच, मग घोडा.

हा घोडा पुन्हा नेहमी उभा नसतोच. उत्तर वर ठेवून फोटो छापला की तो कुशीवर पडलेला दिसतो. पश्चिम वर केली तर मान ताठ. बुऱ्हाणपूर २१ अंश अक्षांशावर, त्यामुळे पूर्वेला उगवणारे तारे जवळजवळ सरळ वर चढतात, म्हणजे पश्चिम वरच्या बाजूला असते. तेव्हा मृग उगवतो त्या वेळी घोडा ताठ उभा असतो, मध्यावर येईपर्यंत आडवा होतो आणि मावळतीला शिरसासन करतो. ज्याने फोटो फिरवून छापला त्याने निम्मा आकार घडवला, असे म्हणायला हरकत नाही.

याहून मौजेचा आकार आहे बार्नर्डच्या कमानीचा. एडवर्ड एमर्सन बार्नर्ड या अमेरिकन निरीक्षकाने १८९४ मध्ये फोटोवर दाखवलेला हा हायड्रोजनचा प्रचंड कंस हरणाच्या पूर्वेकडून वळसा घालून राजन्याकडे जातो. डोळ्याला तो जवळपास दिसत नाही. पण तांबडा प्रकाश अडवणारी काच काढलेला कॅमेरा आणि साधी पन्नास मिलिमीटरची लेन्स असली तरी काही मिनिटांच्या साठवणीत तो उमटू लागतो. मराठी डोळ्याने तो पाहिला की काळजाचा ठोका चुकतो, कारण एका बाजूला हरीण, दुसऱ्या बाजूला व्याध, हरणाच्या पोटात बाण, आणि नेमके दोघांच्या मधोमध धनुष्य! हजारो वर्षांच्या कथेत जे चित्रात नव्हते ते कॅमेऱ्याने पुरवले. इतके सगळे जुळून आल्यावर एक गोष्ट खटकते. धनुष्याचा फुगवटा सावजाच्या दिशेला असतो, आणि ही कमान फुगते ती व्याधाच्या बाजूला. म्हणजे धनुष्य उलटे धरलेले. व्याधाने उलट्या धनुष्याने बाण मारला असे म्हणायचे, की आपणच आपल्या हौसेने एका वायूच्या बुडबुड्याची कड धनुष्य मानली असे म्हणायचे? या पुस्तकाचा कल दुसऱ्या उत्तराकडे आहे. तरी पहिले उत्तर विसरायला कोणी सांगत नाही. उलट्या धनुष्याची आठवण राहिली तर ती कमान आकाशात कुठे आणि कोणत्या बाजूला वळते हे आयुष्यभर लक्षात राहते.

सगळीच नावे इतकी निरुपद्रवी नसतात. वृषभ राशीतल्या ज्या तेजोमेघाला खेकडा म्हणतात तो १०५४ मध्ये चिनी निरीक्षकांनी पाहिलेल्या स्फोट पावणाऱ्या ताऱ्याचा अवशेष. १८४४ च्या सुमारास आयर्लंडमधल्या लॉर्ड रॉस यांनी छत्तीस इंची दुर्बिणीतून त्याचे चित्र काढले, त्यातल्या फाटे फुटलेल्या आकृतीवरून खेकडा हे नाव पडले. पुढे रॉस यांनी त्याहून दुप्पट मोठी दुर्बीण उभारली, तीतून पाहिल्यावर त्या चित्राचे पाय नाहीसे झाले. नाव मात्र कायमचे चिकटले. आज कोणताही फोटो पाहून त्यात खेकडा शोधणारे मूल बिचारे स्वतःलाच दोष देते. त्याला सांगायला हवे की खेकडा आकाशात नव्हताच, तो एका कागदावर होता.

हंस राशीतल्या एनजीसी ७००० या तेजोमेघाला जर्मन खगोलज्ञ माक्स वोल्फ यांनी उत्तर अमेरिका म्हटले. त्यांनी त्याचा फोटो डिसेंबर १८९० मध्ये घेतला होता. मेक्सिकोच्या आखाताची काळी खोबण इतकी हुबेहूब आहे की नावाला विरोध करणे अवघड जाते. पण नकाशा ज्याने शाळेत पाहिला नाही त्याला तिथे काय दिसेल? वृषपर्व्यातल्या आयसी १३९६ मध्ये हत्तीची सोंड म्हणून ओळखला जाणारा काळा वाकडा खांब आहे. तो पाहून मराठी माणसाच्या मनात हत्ती येण्याआधी गणपती येतो, आणि तो कोणत्या सोंडेचा, उजव्या की डाव्या, हा प्रश्नही लगेच येतो. त्याचे उत्तर फोटो आरशातून उलटला आहे की नाही यावर अवलंबून असते, तेव्हा प्रश्न वाटतो तितका भाबडा नाही. काही दुर्बिणींत तिरप्या आरशामुळे डावे-उजवे बदलते, आणि फोटो चुकून उलटा छापल्याचे पुष्कळदा अशाच एखाद्या प्रश्नाने ध्यानात येते. आकाशात प्राणी बसवण्यात आपल्या पंचांगकर्त्यांनीही काही कसर ठेवलेली नाही. पावसाच्या प्रत्येक नक्षत्राला दरवर्षी कोल्हा, बेडूक, म्हैस, गाढव, मोर अशी वाहने मिळतात. ती गणिताने येतात, नक्षत्राच्या रूपाशी त्यांचा संबंध नसतो. शेतकऱ्याला ते ठाऊक असते आणि तरीही म्हैस आहे म्हटल्यावर तो चांगल्या पावसाची आशा धरतो.

रंगांचा मामला आकारांहून निसरडा. १ एप्रिल १९९५ रोजी हबल दुर्बिणीने गरुड तेजोमेघातल्या धुळीच्या खांबांचे फोटो घेतले, जेफ हेस्टर आणि पॉल स्कोवेन यांनी त्यांतून घडवलेले चित्र ‘निर्मितीचे स्तंभ’ म्हणून घरोघर पोहोचले. त्यात गंधकाचा प्रकाश तांबडा, हायड्रोजनचा हिरवा आणि ऑक्सिजनचा निळा दाखवला आहे. गंधक आणि हायड्रोजन दोन्ही प्रत्यक्षात तांबडेच, पण दोघांना एकच रंग दिला तर वेगळे कसे ओळखायचे? म्हणून ही वाटणी. ती फसवणूक नाही, मात्र फोटोखाली लिहिली नाही तर फसवणूक होते. त्या सोनेरी-निळ्या खांबांत लोकांनी हात, मनोरे, जटा काय काय पाहिले. त्यातले पुष्कळसे त्या रंगवाटणीचे देणे आहे. तेच खांब हौशी माणसाच्या लहान दुर्बिणीतून रंगीत सेन्सरवर उमटतात तेव्हा गुलाबी पार्श्वभूमीवर तीन काळसर बोटे दिसतात, आणि तेही काही कमी नव्हे.

आता थोडे पुण्याबद्दल, कारण मराठी मुलखातला तेजोमेघांचा अभ्यास तिथून सुरू होतो आणि तो सहसा कोणाच्या लक्षात नसतो.

कावसजी दादाभाई नेगमवाला हे पुण्याच्या सायन्स कॉलेजातले प्राध्यापक. भावनगरचे महाराज तख्तसिंहजी यांनी दिलेल्या पाच हजार रुपयांत सरकारने तितकीच भर घातली आणि १८८८ मध्ये पुण्यात महाराजा तख्तसिंहजी वेधशाळा उभी राहिली. तिची परावर्ती दुर्बीण पुढे वीस इंची म्हणून प्रसिद्ध झाली आणि कित्येक वर्षे देशातली सर्वांत मोठी राहिली. त्या काळात युरोपात एक वाद पेटला होता. विल्यम हगिन्स यांनी १८६४ मध्ये एका तेजोमेघाचा प्रकाश वर्णपटदर्शकातून पाहिला, तेव्हा त्यांना ताऱ्यासारखा सलग पट्टा न दिसता तेजस्वी रेषा दिसल्या. म्हणजे तो ताऱ्यांचा थवा नसून वायू होता. पण त्यातली सर्वांत ठळक हिरवी रेषा कोणत्याही ज्ञात मूलद्रव्याशी जुळेना. नॉर्मन लॉकयर म्हणत होते की ती मॅग्नेशियमची. हगिन्स म्हणत होते नाही. नेगमवाला यांनी पुण्याहून मृगातल्या तेजोमेघाचा वर्णपट तपासला आणि ती रेषा मॅग्नेशियमशी जुळत नाही हा निष्कर्ष १८९१ मध्ये लंडनच्या रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीच्या मासिकात प्रसिद्ध केला. कॅलिफोर्नियात जेम्स कीलर यांचीही मोजणी त्याच बाजूची होती. रेषेचे खरे कोडे सुटले १९२७ मध्ये. आयरा बोवेन यांनी दाखवले की ती दोन इलेक्ट्रॉन गमावलेल्या ऑक्सिजनची, पृथ्वीवरच्या दाट वायूत सहसा न उमटणारी रेषा आहे. नेगमवाला १९१२ मध्ये निवृत्त झाले, वेधशाळा बंद झाली आणि दुर्बीण कोडाइकनालला गेली. पुण्यात त्यांच्या नावाने जितके व्हायला हवे होते तितके झाले नाही, असे खेदाने म्हणावे लागते.

आज हौशी फोटोग्राफर जो ऑक्सिजनचा फिल्टर विकत घेतो तो हीच ५००.७ नॅनोमीटरची रेषा आत सोडतो आणि बाकीचा प्रकाश, शहरातल्या दिव्यांचा पुष्कळसा उजेड धरून, बाहेर ठेवतो. या एका रेषेने अलीकडे काय करून दाखवले ते पाहा. २०२२ मध्ये फ्रान्समधल्या यान सेंटी या हौशी फोटोग्राफरने १०६ मिलिमीटरच्या दुर्बिणीतून देवयानीतल्या प्रसिद्ध दीर्घिकेचे फोटो घेतले. झाविए स्ट्रॉटनर आणि मार्सेल ड्रेक्सलर हे त्यांचे सहकारीही हौशीच. या फोटोंत दीर्घिकेशेजारी ऑक्सिजनचा एक लांब निळा कंस उमटला. शंभराहून अधिक तासांचा प्रकाश एकत्र केल्यावर खात्री झाली की हा कंस खरा आहे आणि आधी कोणीच पाहिलेला नव्हता. आकाशातली सर्वाधिक फोटो निघालेली दीर्घिका, तिच्या अंगाशी पौर्णिमेच्या चंद्राहून मोठी वस्तू, आणि जगातल्या मोठ्या वेधशाळांनी ती पाहिली नाही, कारण त्या एका रंगात इतका वेळ कोणी त्या जागेवर रोखून बसले नव्हते.

हौशी माणसांचा हा पहिला पराक्रम नव्हे. मृगातल्या तेजोमेघाचा जगातला पहिला फोटो ३० सप्टेंबर १८८० रोजी हेन्री ड्रेपर या अमेरिकन डॉक्टरने स्वतःच्या अकरा इंची दुर्बिणीतून, एक्कावन्न मिनिटांच्या एक्स्पोजरने काढला. तीन वर्षांनी लंडनजवळच्या ईलिंगमध्ये अँड्रू कॉमन या अभियंत्याने आपल्या परसातल्या दुर्बिणीतून असा फोटो घेतला की डोळ्याला कधी न दिसलेले तारे आणि पदर त्यात होते. तेव्हापासून हाताने काढलेल्या चित्रांची सद्दी संपली. २००४ च्या जानेवारीत केंटकीतल्या जे मॅकनील यांना तीन इंची दुर्बिणीतून, पुन्हा मृगातच, एक नवा उजळलेला तेजोमेघ सापडला. आता तो त्यांच्या नावाने ओळखला जातो.

महाराष्ट्रात हौशी निरीक्षणाची परंपरा पुण्याच्या ज्योतिर्विद्या परिसंस्थेपासून, म्हणजे १९४४ पासूनची. मुंबईच्या खगोल मंडळाने १९८५ पासून वांगणीसारख्या ठिकाणी हजारो लोकांना रात्री जागवले. बुऱ्हाणपूर आज मध्य प्रदेशात असले तरी मराठी घरांना रावेर आणि भुसावळ हे इंदूरपेक्षा जवळचे, तेव्हा ही परंपरा त्यांचीही आहे.

बुऱ्हाणपूरचे आकाश कसे? गावात यंत्रमागांच्या वस्त्या आणि बाजारपेठेचे दिवे आहेत, त्यामुळे गच्चीवरून मृग, कृत्तिका आणि फिल्टर लावला तर हंस एवढेच जमते. गावाबाहेर पडताना एक साधी चूक बहुतेकांकडून होते. उत्तरेला साधारण वीस किलोमीटरवर असीरगड आहे, उंच आहे, ऐतिहासिक आहे, म्हणून पाय तिकडे वळतात. पण तिथून दक्षिणेला पाहिले की क्षितिजावर बुऱ्हाणपूरचाच उजेड. धनू, वृश्चिक, मूळ हे सगळे दक्षिणेला, म्हणजे नेमके त्या उजेडात. उन्हाळ्यातल्या तेजोमेघांसाठी गाव पाठीशी म्हणजे उत्तरेला राहील अशी जागा पाहावी. असीरगड हंस आणि शर्मिष्ठेसाठी उत्तम. ज्यांना खरा अंधार अनुभवायचा आहे त्यांनी एकदा नागपूरजवळच्या पेंचला जाऊन यावे; महाराष्ट्रातला पेंच व्याघ्रप्रकल्प जानेवारी २०२४ मध्ये भारतातले पहिले डार्क स्काय पार्क म्हणून जाहीर झाला.

अक्षांशाचे दान मोठे आहे. लगून तेजोमेघ इथे ४४ अंश उंचीवर येतो, लंडनच्या लोकांना तो छपरांच्या ओळीत चाचपावा लागतो. मृगातला तेजोमेघ ६३ अंशांवर, कृत्तिका तर जवळपास डोक्यावर. दक्षिण गोलार्धाचा अभिमान मानला जाणारा करीना तेजोमेघ एप्रिलच्या रात्री नऊ-दहाच्या सुमारास नऊ अंशांपर्यंत चढतो. क्षितिज मोकळे आणि हवा स्वच्छ असेल तर त्याचा फोटो इथून निघतो. टॅरंटुला तेजोमेघ मात्र अर्ध्या अंशाने हुकतो. कृत्तिकांबद्दल एक तपशील: त्या सुमारे ४४० प्रकाशवर्षे दूर आहेत, म्हणजे आज कॅमेऱ्यात शिरणारा त्यांचा निळसर उजेड जामा मशिदीचे दगड घडवले जात होते त्याच सुमाराचा. त्यांच्याभोवतीची निळी धूळ १८५९ मध्ये व्हिल्हेल्म टेम्पेल यांनी व्हेनिसहून प्रथम पाहिली. पेशाने ते शिळाछापाचे कारागीर होते. ही धूळ त्या ताऱ्यांच्या जन्मातून उरलेली नाही, तारे वाटेत लागलेल्या एका ढगातून चालले आहेत.

ऋतूचा हिशोब मात्र कडू. जून ते सप्टेंबर पाऊस, म्हणजे आकाशगंगेचा गाभा रात्रभर वर असतो त्याच महिन्यांवर पाणी. धनू-वृश्चिकाचे काम मार्च ते मे या महिन्यांत, पहाटे उठून आटपावे लागते, आणि मे महिन्यात रात्रीही सेन्सर तापलेला राहतो, चित्रात कणकण दिसते. ८ जूनच्या आसपास मृग निघाला म्हणून पेरणीची घाई सुरू होते तेव्हा आकाशातला मृग सूर्याच्या उजेडात बुडालेला असतो. त्याचा फोटो काढायचा तर मार्गशीर्ष-पौषाची वाट पाहायची. केळीच्या बागांमधून थंडीत पहाटे दव पडते, लेन्सवर बाष्प धरते. लेन्सभोवती गुंडाळायची गरम पट्टी ही चैन नव्हे.

साधने वाटतात तितकी महाग नाहीत. ज्याच्याकडे लग्नाचे फोटो काढणारा जुना डीएसएलआर आणि ट्रायपॉड आहे त्याने पन्नास मिलिमीटरच्या लेन्सने आठ-दहा सेकंदांचे शंभर फोटो मृगावर घ्यावेत. पृथ्वी दर सेकंदाला पंधरा विकला फिरते, म्हणून आठ-दहा सेकंदांहून जास्त वेळ ठेवला तर ताऱ्यांच्या रेघा होतात. शंभर फोटो एकमेकांवर बसवले की चित्रातला कचरा एकाच फोटोच्या तुलनेत दहापट कमी भासतो. हे बसवण्याचे काम करणारी सीरिलसारखी संगणकप्रणाली फुकट मिळते. झाकण लावून घेतलेले काळे फोटो आणि पांढऱ्या कापडातून घेतलेले सपाट फोटो विसरू नयेत. भिंगावरच्या धुळीचा ठिपका काळा तेजोमेघ म्हणून मिरवल्याचे प्रसंग हौशी मंडळींत सगळीकडे घडतात. आकाशाबरोबर फिरणारा ट्रॅकर ही दुसऱ्या वर्षाची खरेदी. ध्रुव इथे फक्त २१ अंशांवर असतो, तो झाडामागे गेला की ट्रॅकर लावणे अवघड होते, म्हणून उत्तर मोकळी असलेली गच्ची आधी शोधावी.

फोटो तयार झाल्यावर प्रत्येकाने तीन गोष्टी कोपऱ्यात लिहाव्यात: उत्तर कोणत्या बाजूला, कोणता रंग कोणत्या प्रकाशाला दिला, एकूण किती वेळ प्रकाश साठवला. त्यानंतर फोटो घरातल्यांसमोर ठेवावा, आणि नाव सांगू नये. शाळेत दाखवायचा असेल तर मराठी, हिंदी, उर्दू अशा वेगवेगळ्या वर्गांत दाखवावा, सातपुड्यातल्या कोरकू मुलांनाही दाखवावा, प्रत्येक ठिकाणी फोटो चारही बाजूंनी फिरवून विचारावे. आलेली उत्तरे, उत्तर देणाऱ्याच्या वयासकट आणि फोटो कसा धरला होता त्या दिशेसकट, वहीत उतरवावीत. जगाने दिलेले नाव त्यानंतर सांगावे, आणि ते कोणी, कोणत्या साली, कसल्या चित्रावरून दिले तेही.